मिश्र युद्धकलेतून उघड्या मुठींच्या व्यावसायिक लढतीकडे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एमएमएमध्ये, म्हणजे ठोसे, लाथा आणि कुस्ती या सर्वांची मुभा असलेल्या मिश्र युद्धकलेत, काही वर्षे घालवलेला खेळाडू ग्लोव्हज उतरवून नुसत्या मुठींनी लढायला उतरतो, तेव्हा नेमके काय बदलते, याविषयीचे नेहमीचे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उदाहरणे मुख्यतः अमेरिकेतील आहेत, कारण या खेळाचे आजचे रूप तेथेच घडले आहे.

ही लढत नेमकी कशी असते?

ही केवळ ठोशांची लढत आहे. लाथ, गुडघा, कोपर, डोक्याची धडक, प्रतिस्पर्ध्याला उचलून पाडणे आणि पडलेल्यावर प्रहार करणे या सर्वांना बंदी आहे. या क्षेत्रातील सर्वांत परिचित संस्था म्हणजे बेअर नकल फायटिंग चॅम्पियनशिप, अर्थात बीकेएफसी. तिच्या नियमांनुसार सामना दोन-दोन मिनिटांच्या पाच फेऱ्यांचा असतो. रिंगण वर्तुळाकार असल्यामुळे प्रतिस्पर्ध्याला कोपऱ्यात कोंडून मारण्याची सोय नाही. मध्यभागी तीन फुटांच्या अंतराने दोन रेषा आखलेल्या असतात आणि प्रत्येक फेरीच्या आरंभी दोघांना आपापल्या रेषेवर पाऊल ठेवून समोरासमोर उभे राहावे लागते. मनगट, अंगठा आणि पंजाचा मधला भाग यांवर पट्टी बांधता येते. मात्र ती नकल्सच्या, म्हणजे बोटांच्या मुळाशी असलेल्या सांध्यांच्या, एक इंच अलीकडेच थांबली पाहिजे.

एमएमएच्या खेळाडूसाठी या नियमावलीतील सर्वांत महत्त्वाची तरतूद वेगळीच आहे. एका हाताने प्रतिस्पर्ध्याची मान धरून दुसऱ्या हाताने ठोसे मारण्याची येथे मुभा आहे. ज्या क्षणी बॉक्सिंगमधील रेफरी दोघांना वेगळे करतो, त्या क्षणी येथे लढत चालूच राहते. पुढील बहुतेक उत्तरे या एका तरतुदीशी येऊन भिडतात.

हा खेळ नवा आहे की जुना?

दोन्ही. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये मुष्टियुद्ध उघड्या मुठींनीच होत असे. जॅक ब्रॉटन याने १७४३ मध्ये त्याला पहिली नियमावली दिली आणि पुढे १८३८ मध्ये लंडन प्राइझ रिंग नियम आले. त्या नियमांत कंबरेच्या वर पकडून प्रतिस्पर्ध्याला आपटता येत असे आणि कोणी पडला की फेरी संपे. त्यामुळे ८ जुलै १८८९ रोजी मिसिसिपीतील रिचबर्ग येथे जॉन एल. सुलिव्हन आणि जेक किलरेन यांच्यात पंच्याहत्तर फेऱ्या झाल्या, या आकड्याने आजच्या वाचकाने फार चकित होऊ नये. त्यानंतर ग्लोव्हजचा आग्रह धरणारे १८६७ चे क्वीन्सबेरी नियम सर्वमान्य झाले आणि आधीपासूनच कायद्याच्या कक्षेबाहेर असलेली उघड्या मुठींची लढत मागे पडली.

ती पुन्हा सरकारी परवानगीने झाली २ जून २०१८ रोजी, वायोमिंग राज्यातील शायेन या शहरात. डेव्हिड फेल्डमन यांच्या बीकेएफसीचा तो पहिला कार्यक्रम होता. त्यात यूएफसी या एमएमएच्या सर्वांत मोठ्या संस्थेत खेळून आलेल्या बेक रॉलिंग्ज आणि रिको रॉड्रिगेझ यांची नावे होती, म्हणजे एमएमएकडून इकडे येणारी वाट पहिल्या दिवसापासूनच मोकळी होती.

येथे एक गोष्ट अनेकजण विसरतात. १९९३ मध्ये यूएफसी सुरू झाली तेव्हा तिथेही हात उघडेच असत. १९९४ मध्ये किथ हॅकनी याने एमॅन्युएल यारबरो या महाकाय सुमो मल्लाला हरवले खरे, पण त्याच्या डोक्यावर ठोसे घालताना स्वतःचा हात मोडून घेतल्यामुळे हॅकनीला त्या स्पर्धेत पुढे खेळता आले नाही. १९९७ मध्ये तेथे ग्लोव्हज सक्तीचे झाले.

एमएमएचे खेळाडू इकडे का वळतात?

बहुतेकांच्या बाबतीत कारण सरळ आहे. मोठ्या संस्थेबरोबरचा करार संपलेला असतो, वय तिशीच्या पुढे गेलेले असते, नाव मात्र अजून तिकिटे खपवते. कुस्ती आणि जमिनीवरील झटापट यांचा सराव गुडघे, पाठ आणि मान यांना जो ताण देतो, तो पस्तिशीनंतर झेपेनासा होतो. ठोशांच्या सरावाला ते शरीर आणखी काही वर्षे साथ देऊ शकते. शिवाय काही खेळाडू मुळातच उभ्याने ठोशांची देवाणघेवाण करणारे असतात आणि एमएमएमध्ये त्यांचे पराभव प्रामुख्याने जमिनीवर झालेले असतात. अशांना पाडले जाण्याची भीती नसलेला खेळ आकर्षक वाटणे स्वाभाविकच आहे.

एमएमएमधील कोणते कौशल्य येथे उपयोगी पडते आणि कोणते निरुपयोगी ठरते?

पहिली उपयोगी गोष्ट म्हणजे पकडीतील सवय. पिंजऱ्याच्या जाळीला लागून, मान ओढत, कपाळ प्रतिस्पर्ध्याच्या गालाखाली दाबून जवळून ठोसे घालणे, ज्याला या वर्तुळात डर्टी बॉक्सिंग म्हणतात, त्याचा एमएमएचा खेळाडू रोज सराव करत असतो. बॉक्सरला मात्र ही जागा विश्रांतीची वाटते. दुसरी गोष्ट म्हणजे लहान ग्लोव्हजची सवय. बॉक्सिंगमध्ये आठ किंवा दहा औंसांचे ग्लोव्हज असतात आणि त्यांच्या आड चेहरा लपवता येतो. एमएमएचे ग्लोव्हज चार औंसांच्या आसपास असल्यामुळे तिथला खेळाडू डोके हलवून, पाय मागे घेऊन किंवा प्रतिस्पर्ध्याचा हात अडवून बचाव करायला शिकलेला असतो. उघड्या मुठी तर कोणत्याही फटीतून आत येतात, म्हणून ती सवय येथे सोन्याच्या मोलाची ठरते.

निरुपयोगी ठरणाऱ्या गोष्टींत सर्वांत वर आहे ती अंतराची जाण. लाथेच्या पल्ल्यावर उभे राहण्याची सवय झालेला खेळाडू येथे एक पाऊल लांब राहतो. फेरी दोनच मिनिटांची असते आणि तीही जवळजवळ हाताच्या अंतरावरून सुरू होते, त्यामुळे अंदाज घेण्यात घालवलेली पहिली तीस सेकंदे म्हणजे त्या फेरीचा पाव भाग होय. दुसरी अडचण पायांच्या ठेवणीची. लाथ अडवण्यासाठी पाय रुंद ठेवून, छाती समोर करून उभे राहणाऱ्याचे डोके मधोमध, समोरच्याच्या सोयीच्या जागी राहते. आणि ज्याची सारी आक्रमकता 'फसलो तर पाय धरीन' या भरवशावर उभी आहे, त्याच्यासाठी परतीचा तो मार्ग येथे बंद असतो.

मग चांगला बॉक्सर येथे सहज जिंकणार नाही का?

हा प्रश्न वारंवार येतो आणि त्याला एका शब्दात उत्तर देता येत नाही. २२ जून २०१९ रोजी टॅम्पा येथे पॉली मॅलिग्नाजी या दोन वजनी गटांतील माजी विश्वविजेत्या बॉक्सरसमोर आर्टेम लोबोव्ह उभा राहिला. यूएफसीत लोबोव्हचे विजयांपेक्षा पराभव अधिक होते. ग्लोव्हज घालून या दोघांचा सामना झाला असता तर तो एकतर्फी ठरला असता, असे म्हणण्यात धाडस नाही. तरीही लोबोव्हने तिन्ही पंचांकडून ४८-४७ असा निर्णय मिळवला. मॅलिग्नाजीचा हात दुखावला, आणि जो बॉक्सर मुख्यतः हलक्या, वेगवान आणि भरपूर ठोशांवर जगतो त्याचा हात दुखावला की त्याच्या खेळाचा कणाच जातो.

उलट बाजूचे उदाहरणही तितकेच बोलके आहे. एमएमएतून आलेला लुइस पालोमिनो हा बीकेएफसीचा दीर्घकाळ अपराजित विजेता होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये माजी विश्वविजेता बॉक्सर ऑस्टिन ट्राउट याने त्याला गुणांवर हरवून वेल्टरवेट या वजनी गटाचा किताब घेतला. ट्राउटने त्याआधी यूएफसीच्या डिएगो सँचेझलाही चौथ्या फेरीत थांबवले होते. फरक असा की ट्राउट ठोशांची निवड काटेकोरपणे करतो, जवळ जाऊन अडकत नाही आणि कोनातून बाहेर पडतो. बॉक्सिंग येथे चालत नाही असे नाही. पण बॉक्सिंगचा जो भाग ग्लोव्हजच्या संरक्षणावर उभा आहे, तो मात्र चालत नाही.

आतापर्यंत सर्वांत यशस्वी स्थलांतर कोणाचे म्हणावे?

आमच्या मते माइक पेरी याचे. यूएफसीत त्याने २०१६ ते २०२१ या काळात सात सामने जिंकले आणि आठ गमावले, म्हणजे तिथला तो मधल्या फळीतील, धोकादायक पण हरवता येण्याजोगा खेळाडू होता. बीकेएफसीत आल्यावर त्याने ज्युलियन लेनला हरवले. मग ऑगस्ट २०२२ मध्ये लंडनच्या वेम्बली अरीनात मायकेल 'व्हेनम' पेज याच्याशी त्याची पाच फेऱ्यांनंतर बरोबरी झाली आणि सहाव्या जादा फेरीअंती बहुमताने त्याला विजय मिळाला. एप्रिल २०२३ मध्ये यूएफसीचा माजी विजेता ल्यूक रॉकहोल्ड दुसऱ्या फेरीत दातांना झालेल्या इजेमुळे थांबला. डिसेंबरमध्ये एडी अल्व्हारेझच्या कॉर्नरने, म्हणजे त्याच्या प्रशिक्षकांच्या चमूने, दुसऱ्या फेरीनंतर त्याला पुढे जाऊ दिले नाही, आणि एप्रिल २०२४ मध्ये थियागो अल्वेस एका मिनिटात गारद झाला.

या यादीतील पेजचा सामना सर्वाधिक अभ्यासण्याजोगा आहे, कारण पेज हा दूर राहून, कोनातून येऊन फटके मारणारा अत्यंत कुशल खेळाडू आहे. पेरीने त्याला ते अंतर मिळू दिले नाही. तो सतत पुढे सरकत राहिला, एक हात मानेवर टाकून दुसऱ्याने मारत राहिला आणि स्वतः मार खाताना हनुवटी खाली ठेवून कपाळ पुढे करत राहिला. या डावपेचांत देखणे असे काही नाही. पण हे नियम ज्या खेळाला बक्षीस देतात, तो नेमका हाच खेळ आहे.

त्याच पेरीने २० जुलै २०२४ रोजी टॅम्पा येथे ग्लोव्हज घालून, यूट्यूबवरून बॉक्सिंगमध्ये आलेल्या जेक पॉलशी सामना केला आणि सहाव्या फेरीत सामना थांबवला जाऊन तो हरला. पॉल शरीराने मोठा होता हे खरे. परंतु मानेवरचा हात काढून घेतला की पेरीचे निम्मे हत्यार जाते, हेही त्या रात्री दिसले.

नाव मोठे असूनही कोण अपयशी ठरले?

यूएफसीचा माजी वेल्टरवेट विजेता जॉनी हेंड्रिक्स २०१८ मध्ये एका वेगळ्या संस्थेच्या कार्यक्रमात डकोटा कोक्रेनकडून हरला. हेंड्रिक्सचा डावा हात प्रसिद्ध होता. पण त्या हाताला धार यायची ती प्रतिस्पर्धी त्याच्या कुस्तीच्या भीतीने हात खाली ठेवत असल्यामुळे. कुस्ती वगळली की तो हात समोरून येताना दिसू लागतो. पेज व्हॅनझँट हिने मोठ्या प्रसिद्धीसह फेब्रुवारी २०२१ मध्ये पदार्पण केले आणि ब्रिटन हार्टकडून ती एकमताने हरली. त्याच वर्षी जुलैमध्ये रेचेल ऑस्टोविचकडूनही तिचा पराभव झाला. प्रसिद्धीमुळे करार मिळतो, पण पाच फेऱ्या त्या प्रसिद्धीने लढता येत नाहीत.

ग्लोव्हज नसल्यामुळे मेंदूला कमी इजा होते, हे खरे आहे का?

या विधानात तथ्य आहे, पण आयोजक ते जितक्या आत्मविश्वासाने सांगतात तितके नाही. ग्लोव्हज मूलतः हाताचे रक्षण करतात. त्यांची गादी त्वचेवरील दाब पसरवते, त्यामुळे जखमा कमी होतात. मात्र मेंदूला इजा होते ती डोके झटक्याने हलल्यामुळे किंवा वळल्यामुळे, आणि तो झटका गादीने थांबत नाही. उलट हात सुरक्षित असल्यामुळे ग्लोव्हज घातलेला खेळाडू कवटीच्या कठीण भागावरही पूर्ण ताकदीने, शेकडो वेळा मारू शकतो. उघड्या हाताने तसे करणाऱ्याचा हात पहिल्या दोन फेऱ्यांतच मोडेल, म्हणून तो कमी आणि निवडक मारतो. एकूण वेळही दहा मिनिटांचा, तर बॉक्सिंगचा विश्वविजेतेपदाचा पुरुष गटातील सामना छत्तीस मिनिटांचा.

येथवर युक्तिवाद ठीक आहे. परंतु हनुवटीवर नेमका बसलेला उघडा ठोसा कोणालाही बेशुद्ध पाडतो आणि बेशुद्ध माणूस पडतो तो सावरल्याविना. शिवाय एमएमएचा खेळाडू कोऱ्या डोक्याने येत नाही. दहा-बारा वर्षांच्या सामन्यांचा आणि त्याहून कितीतरी अधिक सरावाचा मार त्याने आधीच खाल्लेला असतो. आणि परवानगीने २०१८ मध्ये सुरू झालेल्या खेळाचे वीस-तीस वर्षांनंतरचे परिणाम आज कोणालाही सांगता येणार नाहीत.

या खेळात मृत्यू झाला आहे का?

होय. २० ऑगस्ट २०२१ रोजी मिसिसिपीतील बिलॉक्सी येथे जस्टिन थॉर्नटन हा एमएमएतून आलेला हेवीवेट खेळाडू डिलन क्लेक्लरविरुद्ध अवघ्या १९ सेकंदांत बेशुद्ध होऊन तोंडावर पडला. त्याच्या मज्जारज्जूला इजा झाली आणि ४ ऑक्टोबर रोजी, वयाच्या ३८व्या वर्षी, त्याचे निधन झाले. एमएमएमध्ये त्याच्या नावावर विजयांपेक्षा पराभव कितीतरी अधिक होते. अशा कामगिरीच्या खेळाडूला कोणासमोर उभे करावे, किंबहुना उभे करावे की नाही, हा प्रश्न नियमावलीपेक्षा सामन्यांची जुळवणी करणाऱ्यांच्या विवेकाचा आहे. ज्या खेळाडूला घाईने, अल्प सूचनेवर सामना देऊ केला जातो, त्याने ही घटना करारावर सही करण्यापूर्वी आठवावी.

सर्वाधिक आढळणाऱ्या दुखापती कोणत्या?

चेहऱ्यावरील फाटलेल्या जखमा आणि हाताची मोडलेली हाडे. भुवईचे हाड त्वचेच्या अगदी खाली असते, म्हणून तिथे एक साधा जॅबसुद्धा (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) खोल चीर पाडतो आणि रक्त डोळ्यात उतरले की डॉक्टर सामना थांबवू शकतात. हातात करंगळीमागचे हाड सर्वाधिक धोक्यात असते, विशेषतः वळवून मारलेला ठोसा कपाळावर किंवा डोक्याच्या मागे लागल्यास. दात, नाक आणि डोळ्याभोवतीचे हाड यांचीही पाळी येते. खेळाडूच्या बाबतीत एक व्यावहारिक सूचना करावीशी वाटते: ज्याच्या भुवयांवर एमएमएमधील जुने टाके आहेत, त्याने पदार्पणापूर्वी प्लास्टिक सर्जनला अवश्य दाखवावे, कारण जुना व्रण नव्या त्वचेपेक्षा लवकर उघडतो.

सराव कसा बदलावा लागतो?

सर्वांत मोठा गैरसमज असा की सरावही उघड्या हातांनी करायचा. जोडीदाराबरोबरचा सराव मोठ्या ग्लोव्हजनेच करावा. उघड्या हातांचे काम बॅगवर, कमी जोरात, हळूहळू वाढवत न्यावे. हेतू हात दगडासारखा करण्याचा नसून मनगट सरळ ठेवून पहिल्या दोन नकल्सवर ठोसा उतरवण्याची सवय लावण्याचा आहे. एमएमएमध्ये लोकप्रिय असलेला, वरून खाली येणारा ओव्हरहँड येथे जपून वापरावा, कारण तो बहुधा डोक्याच्या टणक भागावर उतरतो. त्याऐवजी पोट, बरगड्या आणि जबडा ही लक्ष्ये निवडावीत. बरगड्यांखालचा ठोसा या खेळात अजूनही पुरेसा वापरला जात नाही, असे आमचे निरीक्षण आहे. तिथे हात मोडत नाही आणि गादीविना आलेली मूठ खोलवर जाते. दमसासाचा सरावही दोन मिनिटांच्या सलग झटापटीला अनुरूप असावा.

करारात काय पाहावे, आणि नंतर एमएमएमध्ये परत जाता येते का?

मोठ्या संस्थांचे करार सामान्यतः इतरत्र लढण्यास मनाई करतात, त्यामुळे आधीच्या कराराची मुदत, मुदतवाढीच्या अटी आणि दुसऱ्याने देऊ केलेल्या रकमेशी बरोबरी करण्याचा हक्क हे तिन्ही मुद्दे वकिलाकडून तपासून घ्यावेत. मायकेल पेज हा पेरीशी लढला तेव्हा बेलेटर या एमएमए संस्थेशी बांधलेला होता आणि तिच्या परवानगीनेच तो सामना झाला. तोच पेज मार्च २०२४ मध्ये यूएफसीत पदार्पण करून जिंकला. जेरेमी स्टीफन्स बीकेएफसीत विजय मिळवत असतानाच मे २०२५ मध्ये यूएफसीत एक सामना खेळून गेला. थोडक्यात, परतीची वाट बंद नसते. ती नावावर आणि शाबूत हातांवर अवलंबून असते. हाताच्या शस्त्रक्रियेचा आणि त्यानंतरच्या बेकारीच्या महिन्यांचा खर्च कोण उचलणार, हे मात्र कराराच्या पहिल्या वाचनातच स्पष्ट व्हायला हवे.

भारतात असा सामना कायदेशीर ठरेल का?

हा कायदेशीर सल्ला नाही. केवळ तरतुदींचे वाचन आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम २५ नुसार अठरा वर्षांवरील व्यक्तीने संमती दिलेली असल्यास, मृत्यू किंवा जबर दुखापत घडवण्याचा हेतू नसलेली आणि तसे घडण्याची शक्यता ठाऊक नसलेली कृती अपराध ठरत नाही. खेळातील बऱ्याच दुखापतींना हे संरक्षण मिळते. अडचण अशी की कलम ११६ मधील जबर दुखापतीच्या व्याख्येत हाड किंवा दात मोडणे आणि चेहरा कायमचा विद्रूप होणे यांचा समावेश आहे. ज्या खेळात हाड मोडणे नित्याचे आहे, तिथे 'शक्यता ठाऊक नव्हती' असे आयोजकाला म्हणता येणे कठीण दिसते. इंग्लंडमधील न्यायालयानेही १८८२ च्या कोनी खटल्यात बक्षिसासाठीच्या मुष्टियुद्धात संमती हा बचाव ठरत नाही, असा निर्णय दिला होता. गोदामात किंवा फार्महाऊसवर चित्रीकरणासाठी भरवल्या जाणाऱ्या लढतींना, जिथे ना डॉक्टर असतो ना रक्ततपासणी, स्पष्ट नकार द्यावा.

महाराष्ट्रातील कुस्तीगीराने एमएमए न करता थेट इकडे यावे का?

नाही. तालमीत कमावलेली मान, कंबर आणि पकड ही एमएमएमध्ये मोठी शिदोरी आहे. भरत खंडारे कुस्तीच्याच पायावर २०१७ मध्ये शांघाय येथे यूएफसीच्या सामन्यात उतरला होता. उघड्या मुठींच्या लढतीत मात्र त्या शिदोरीतील फक्त मानेचा जोर आणि पकडीतील तोल कामी येतो. शिवाय बीकेएफसीसारख्या संस्था बॉक्सिंग, एमएमए, किकबॉक्सिंग किंवा मुए थाई यांपैकी एखाद्या खेळाचा व्यावसायिक अनुभव मागतात.

कोणत्या वैद्यकीय तपासण्या कराव्या लागतात?

अमेरिकेत प्रत्येक राज्याच्या क्रीडा आयोगाची यादी वेगळी असते. एचआयव्ही, हेपॅटायटिस बी आणि सी यांच्या रक्तचाचण्या तसेच डोळ्यांची तपासणी यांची तयारी ठेवावी, आणि रक्त एकमेकांच्या जखमांत जाणारा हा खेळ असल्यामुळे हेपॅटायटिस बीची लस आधीच पूर्ण करावी. मेंदूचा एमआरआय आयोगाने मागितला नसला तरी स्वखर्चाने करून घ्यावा आणि त्याची प्रत स्वतःजवळ ठेवावी, म्हणजे पुढील तपासणीच्या वेळी तुलना करायला काहीतरी हाताशी असते.